छोट्या व्यवसायाचा पत्ता कोणता द्यावा: घरचा, भावाच्या दुकानाचा की व्हर्च्युअल ऑफिसचा?

प्रश्न थोडक्यात असा: एक ताई कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि घरीच मसाले, मेतकूट, भाजणी करून विकतात. दर दोन वर्षांनी घर बदलावं लागतं. आता ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणी करायची आहे. घरचा पत्ता पाकिटावर छापायची भीती वाटते. शुक्रवार पेठेत भावाचं स्वतःच्या मालकीचं स्टेशनरीचं दुकान आहे, सासर साताऱ्याजवळच्या गावात आहे, आणि एका कंपनीने बाणेरच्या व्हर्च्युअल ऑफिसचा (म्हणजे पत्ता वापरायला मिळतो, पण स्वतःची प्रत्यक्ष जागा नसते) पत्ता वर्षाच्या भाड्यावर देऊ केला आहे. यातला कोणता पत्ता घ्यावा?

ताई, तुमच्या बाबतीत मी भावाच्या दुकानाचा पत्ता घेईन. पण तो नुसता कागदावर घालून चालणार नाही, आणि तुमचं स्वयंपाकघरही नोंदणीतून लपवता येणार नाही. गेली वीसेक वर्षं मी पुण्यात छोट्या व्यावसायिकांच्या नोंदण्या आणि कराची कामं करतो. पत्त्याचा प्रश्न लोक अर्ज भरायच्या शेवटच्या पाच मिनिटांत सोडवतात आणि पुढची पाच वर्षं त्याचे परिणाम निस्तरत बसतात. तुम्ही आधी विचारलंत, याचा मला खरंच आनंद झाला.

आधी एक गुंता सोडवू. 'व्यवसायाचा पत्ता' असा एकच पत्ता नसतो. माल कुठे बनतो ती एक जागा, हिशेबाच्या वह्या आणि बिलं कुठे असतात ती दुसरी, पत्र कुठे यावं ती तिसरी, आणि ग्राहकाने परत पाठवलेलं पाकीट कुठे यावं ती चौथी. किराणा दुकानदाराच्या या चारही जागा एकाच शटरमागे असतात, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. घरून काम करणाऱ्या बाईच्या या जागा वेगळ्या असू शकतात, आणि कायदाही त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो.

माल कुठे बनतो, याबाबत तुम्हाला निवडच नाही. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी त्या जागेशी बांधलेली असते. मसाले कोथरूडच्या ओट्यावर भाजले जात असतील, तर नोंदणी त्या फ्लॅटच्याच पत्त्यावर हवी. बाणेरच्या काचेच्या इमारतीत भाजणी भाजली जात नाही, तेव्हा तो पत्ता तिथे दाखवणं म्हणजे खोटी माहिती देणं. फ्लॅट बदलला की नव्या जागेची नोंदणी, हे तुम्हाला करावंच लागेल. त्याला पळवाट शोधू नका.

जीएसटीचं तसं नाही. तिथे 'मुख्य व्यवसाय स्थळ' एक असतं आणि 'अतिरिक्त व्यवसाय स्थळं' हवी तितकी जोडता येतात. दुकान मुख्य आणि फ्लॅट अतिरिक्त, अशी मांडणी कायद्यात नीट बसते. अट इतकीच की दुकानात खरोखर काही काम व्हायला हवं. भावाला सांगून एक टेबल आणि एक कपाट मागून घ्या. बिलबुकं, खरेदीच्या पावत्या तिथे ठेवा, तयार पाकिटांचा साठा तिथे ठेवा, कुरियरवाल्याला माल तिथूनच उचलायला सांगा. मग फ्लॅट बदलला तरी फक्त अतिरिक्त जागा बदलते. मुख्य पत्ता, बँकेतला पत्ता, पुरवठादारांकडचा पत्ता हे सगळं जागच्या जागी राहतं. दर दोन वर्षांनी सगळीकडे पत्ता बदलत फिरण्याची दगदग काय असते, हे मी अशिलांबरोबर रांगेत उभं राहून पाहिलं आहे.

जाता जाता एक गोष्ट. विक्री फक्त महाराष्ट्रातच करणार असाल आणि उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठांवर जीएसटी नोंदणीशिवाय, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन वस्तू विकता येतात. तिथेही पॅन आणि मुख्य व्यवसाय स्थळ सांगावंच लागतं. राज्याबाहेर एक पाकीट जरी पाठवायचं असेल, तरी ही सवलत मिळत नाही. पणजी किंवा बेळगावची ऑर्डर आली की नोंदणी हवी.

आता कागद. भावाचं दुकान त्याच्या मालकीचं आहे, म्हणजे भाडेकराराची गरज नाही. त्याचं साधं संमतिपत्र, त्याचा ओळखीचा पुरावा आणि घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल यांपैकी एक कागद पुरतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली आहे की मालकीच्या पुराव्यासाठी यांपैकी एकच कागद घ्यावा, जास्तीचे कागद मागत बसू नये. तरी लाइट बिलावरचं नाव आणि पत्ता आधी डोळ्यांखालून घाला. पेठेतल्या जुन्या वास्तूंची बिलं अजून आजोबांच्या नावावर असतात, आणि पावतीवर घर क्रमांक एक, बिलावर दुसराच. अर्ज अडतो तो इथे. घरपट्टीवर जसं लिहिलं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, अर्जात लिहा.

फ्लॅटसाठी घरमालकाची संमती लागेल. तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार काढून वाचा. बहुतेक करारांत 'फक्त निवासासाठी' असं कलम असतं. मालकाशी मोकळेपणाने बोला आणि संमती लेखी घ्या. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवलेला करार हातात नसेल, तर तो पत्ता कुठल्याच नोंदणीत वापरू नका.

व्हर्च्युअल ऑफिसबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिराती पाहून लोक तिकडे ओढले जातात. अशी सोय वाईटच असते असं नाही. संगणकाची कामं करणारा, सल्ला देणारा, ज्याला ठेवायला मालच नाही असा माणूस नीट चौकशी करून ती घेऊ शकतो. पण जीएसटीत जागेची प्रत्यक्ष तपासणी होऊ शकते. अधिकारी येतो, फोटो काढतो, अहवाल पोर्टलवर चढवतो. दर्शनी भागावर नाव आणि जीएसटी क्रमांकाची पाटी असणं नियमानेच बंधनकारक आहे. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने अशाच एका ठिकाणचा पत्ता घेतला होता. अधिकारी दुपारी गेले, तर स्वागतकक्षातल्या मुलीला या नावाची कुणी संस्था आहे हेच माहीत नव्हतं आणि पाटीही नव्हती. जाहीर केलेल्या जागी व्यवसाय चालत नाही, हे नोंदणी रद्द करायला पुरेसं कारण आहे. त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. त्याला ती दिसली तेव्हा ते उलटून गेले होते. नोंदणी परत मिळवण्याचा अर्ज आदेशापासून ९० दिवसांत करता येतो, तो आम्ही केला. पण मधल्या काळात त्याचे दोन मोठे ग्राहक गेले.

तुम्हाला तिकडे जायचंच असेल, तर त्यांना काही प्रश्न विचारा. मूळ मालकाने पोटभाड्याने द्यायला लेखी परवानगी दिली आहे का? माझ्या नावाची पाटी लागेल का? माझ्या नावाचं स्पीड पोस्ट कोण सही करून घेईल आणि मला किती वेळात कळवेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं, करार संपल्यावर येणाऱ्या पत्राचं काय होईल? या शेवटच्या प्रश्नाला धड उत्तर देणारे मला फार थोडे भेटले. व्यवसाय बंद झाल्यावर, जागा सोडल्यावरही नोटिसा काही वर्षं येत राहतात, आणि त्या जुन्याच पत्त्यावर येतात.

पत्र परत गेलं तर बरंच, आपल्याला मिळालंच नाही असं म्हणता येईल, असा एक भाबडा विश्वास लोकांच्या मनात असतो. कायदा नेमका उलटा आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २७ नुसार योग्य पत्त्यावर, तिकीट लावून नोंदणी टपालाने पाठवलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरलं जातं. 'घर बंद', 'सोडून गेले' असा शेरा मारून पाकीट परत आलं तरी हे गृहीतक सहजी मोडत नाही. तुम्ही पुरवठादाराला दिलेला चेक वटला नाही, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले की फौजदारी खटला टळतो. ती नोटीस जुन्या फ्लॅटच्या जिन्यात धूळ खात पडली, तर ते १५ दिवस तुमच्या नकळत निघून जातात. म्हणून मी अशिलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो: त्या पत्त्यावर आलेलं पाकीट त्याच दिवशी कोण उघडणार आहे? तुमच्या भावाचं दुकान सकाळी उघडतं आणि रात्री बंद होतं, काउंटरवर कायम माणूस असतो. बाणेरच्या पत्त्यापेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं ते यासाठी.

सासरच्या गावाचा पत्ताही भावनेने जवळचा आणि कायम टिकणारा आहे. पण जीएसटीचं कार्यालय मग साताऱ्याचं लागेल, तपासणी गावी होईल, आणि पत्र सासूबाईंच्या हाती पडून तुमच्यापर्यंत फोनवर वाचून पोचेल. गावात उद्या गिरणी टाकून तिथेच माल बनवणार असाल, तर मात्र तो पत्ता अगदी योग्य. तेव्हा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा, त्यावरचा मिळकत क्रमांक पत्त्यात घाला आणि गावाचं नाव पूर्ण लिहा. खुर्द की बुद्रुक हे लिहिलं नाही तर पाकीट ओढ्यापलीकडच्या गावात जातं. 'मु. पो.' लिहिताना आपलं गाव आणि टपाल कार्यालयाचं गाव एकच आहे का तेही बघा. नसेल तर मुक्काम वेगळा आणि पोस्ट वेगळं लिहायला हवं.

पिनकोडबद्दल इथेच सांगतो, कारण त्यात चूक फार होते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते. देशभर एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयाचे. म्हणजे पिन हा पेठेचा किंवा कॉलनीचा नसतो, ज्या कार्यालयातून तुमचा पोस्टमन निघतो त्याचा असतो. पुण्याच्या पेठांत गल्ली ओलांडली की तो बदलू शकतो. भावाच्या पोस्टमनलाच विचारा आणि तो सांगेल तोच सगळीकडे लिहा. कुरियरवालेही पिन टाकूनच सेवा आहे की नाही ते ठरवतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा माझ्या तिथल्या अशिलांच्या निम्म्या कागदांवर जुनं नाव होतं आणि निम्म्यांवर नवं. पत्रं तरी पोचत राहिली, कारण पिन तोच होता.

टपाल पेटी, म्हणजे पोस्ट बॉक्स, काहीजण सुचवतील. ती भाड्याने मिळते, घराचा पत्ता झाकते, साधी पत्रं सुरक्षित राहतात. वाचकांची पत्रं येणाऱ्या मासिकाला ती छान आहे. पण खासगी कुरियर तिथे माल देत नाही, जीएसटीला ती व्यवसायाची जागा म्हणून चालत नाही, आणि खाद्यपदार्थाच्या पाकिटावर पूर्ण पत्ता लागतो, तिथे नुसता पेटी क्रमांक पुरत नाही.

तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. घरचा पत्ता छापलेलं पाकीट हजारो हातांत जातं. रात्री दहाला दारात उभा राहिलेला अनोळखी 'ग्राहक' किती अस्वस्थ करतो, हे घरून विक्री करणाऱ्या बायकांनी मला सांगितलं आहे. शिवाय जीएसटी पोर्टलवर तुमचा क्रमांक टाकला की मुख्य व्यवसाय स्थळाचा पत्ता कुणालाही दिसतो. खासगी कंपनी काढली तर तिच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताही असाच सार्वजनिक असतो. एकट्या राहणाऱ्या किंवा दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या बाईने मुख्य पत्ता घराबाहेरचा ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे, मग त्यासाठी थोडा खर्च आला तरी चालेल.

पाकिटाचं असं करता येईल. अन्नाच्या लेबलवर ब्रँडच्या मालकाचं नाव आणि पूर्ण पत्ता लागतो, आणि माल बनतो त्या जागेचा नोंदणी क्रमांक वेगळा असेल तर तोही. दुकानाची पॅकिंग-साठवण-विक्रीसाठी वेगळी अन्न नोंदणी घ्या, पॅकिंग आणि साठा तिथे हलवा, लेबलवर दुकानाचा पत्ता आणि दोन्ही नोंदणी क्रमांक छापा. तक्रारीसाठीचा फोन व्यवसायाचा वेगळा ठेवा, घरच्यांच्या ग्रुपवर असलेला नको. छपाईला देण्याआधी लेबलचा कच्चा नमुना अन्न नोंदणीची कामं करणाऱ्या जाणकाराला दाखवा. आणि पहिल्याच फटक्यात पाच हजार छापील पाऊच मागवू नका. पाऊच स्वस्त पडतात हे खरं, पण जुन्या छापील पत्त्यावर नवी चिठ्ठी चिकटवून मजकूर बदलणं पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत बसत नाही, म्हणजे पत्ता बदलला की ते सगळे वाया जातात. कोरे पाऊच घ्या आणि लेबलं दोनशे-तीनशेच्या गठ्ठ्याने छापा.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती. आज पत्त्याचा अर्धा भाग म्हणजे ईमेल आणि मोबाइल. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोटीस ईमेलवर किंवा पोर्टलवर टाकली तरी ती बजावली गेली असं धरतात. आयकराचंही बहुतेक सगळं काम आता असंच चालतं. आणि तिथे लोक सर्रास सल्लागाराचा ईमेल आणि सल्लागाराचाच मोबाइल देतात. पूर्वी मीही अशिलांच्या सोयीसाठी माझं कार्यालय पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून देत असे. मग माझी जागा बदलली. सगळ्यांचे पत्ते बदलले असं मला वाटत होतं, पण एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांचा ट्रेडमार्कचा अर्ज राहून गेला. परीक्षण अहवाल जुन्या जागी गेला, उत्तराचे ३० दिवस संपले आणि त्यांचा अर्ज सोडून दिल्याचं धरलं गेलं. त्यांनी बारा वर्षं जपलेलं नाव होतं ते. नवा अर्ज मी माझ्या खर्चाने केला, पण आधीची तारीख परत आणता आली नाही. तेव्हापासून कुठल्याही अर्जात मी माझा पत्ता, फोन, ईमेल घालत नाही. तुमचा सल्लागार 'माझाच देतो' म्हणाला, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. व्यवसायाच्या नावाने एक ईमेल उघडा, त्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि रोज एकदा तो बघा.

उद्यम नोंदणीतही (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) दुकान आणि फ्लॅट दोन्ही नीट घाला. मुंबईच्या एखाद्या मोठ्या दुकानदाराने तुमचं बिल ४५ दिवसांच्या पुढे थकवलं, तर उत्पादक म्हणून तुम्हाला सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, आणि ती परिषद तुमचा उद्योग जिथे आहे तिथली असते. पत्ता पुण्याचा असेल तर मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

पुढे फ्लॅट बदलाल तेव्हा जीएसटीत बदल १५ दिवसांत कळवायचा असतो, ती तारीख घर ठरल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा. जुन्या भागातल्या टपाल कार्यालयात पत्रं वळवण्याचा अर्ज द्या. तो ठरावीक मुदतीपुरताच चालतो, म्हणून जुन्या सोसायटीच्या वॉचमनलाही नंबर देऊन ठेवा.

दुकानाच्या पत्त्यात पहिल्या ओळीत तुमच्या व्यवसायाचं नाव, दुसऱ्या ओळीत 'द्वारा' आणि भावाच्या दुकानाचं नाव असं लिहा, म्हणजे पोस्टमन गोंधळणार नाही. शटरशेजारी तुमच्या नावाची छोटी पाटी मराठीत लावा. आणि अर्ज भरण्याच्या आठवडाभर आधी सिटी पोस्टातून स्वतःच्या व्यवसायाच्या नावाने, त्या पत्त्यावर एक स्पीड पोस्ट टाका. नोंदणी टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, त्यामुळे महत्त्वाची सरकारी पत्रंही तशीच येतील. भावाला आधी सांगू नका. पाकीट पोचल्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुकानातून तुम्हाला फोन आला, तर दुसऱ्या दिवशी निर्धास्त अर्ज भरा. फोन आला नाही, तर दुकानात जाऊन ते कुठल्या खणात पडलंय ते बघा, आणि तुमच्या पत्रांसाठी काउंटरवर एक वेगळा ट्रे ठेवून आठवड्याने दुसरं पाकीट टाका.